जुन्या मोटारींचे पूर्वाश्रम

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. मराठी विषय शिकवणाऱ्या माणसाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर कादंबरीवर बोलावे. मोटारगाड्यांशी त्याचा काय संबंध? परंतु विषयातला 'पूर्वाश्रम' हा शब्द आपल्याच घरातला आहे. संन्यास घेतलेल्या पुरुषाला त्याचे पूर्वाश्रमीचे नाव, गाव, कूळ विचारू नये असा आपल्याकडे संकेत आहे. जुन्या मोटारीच्या बाबतीत हा संकेत नेमका उलटा चालतो. तिचे कूळ विचारल्यावाचून कोणी शहाणा मनुष्य तिला घरी आणत नाही. "किती हात झाले?" हा पहिला प्रश्न. "डॉक्टरांची गाडी आहे, एकाच हाताची" हे दलालाचे ठरलेले उत्तर. आपल्या भागात विकल्या गेलेल्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्या जरी खरोखर डॉक्टरांच्या असत्या, तरी या जिल्ह्यात वैद्यकीय सेवेची वाण कधी पडली नसती!

व्यवहारापुरता विचारलेला हा प्रश्न गाडी घेऊन झाली की आपण विसरतो. मला तो विसरता येत नाही. रस्त्याच्या कडेला उभी असलेली जुनी ॲम्बेसेडर दिसली की, हिच्या मागच्या आसनावर कोण कोण बसले असेल, हिच्यातून कोणाची वरात निघाली असेल, कोणाला मध्यरात्री दवाखान्यात नेले असेल, असे प्रश्न मनात उभे राहतात. यावर निव्वळ कल्पनाविलास करून मी आपला वेळ घेणार नाही. या प्रश्नांची काही उत्तरे कागदावर आहेत, काही पत्र्यावर आहेत, काही वृद्ध माणसांच्या स्मरणात आहेत, आणि ही तिन्ही साधने आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय मांडण्याचे कारण तेच आहे.

प्रथम थोरामोठ्यांच्या गाड्या पाहू, कारण त्यांचे पूर्वाश्रम सर्वांना ठाऊक असतात. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची, १९१२ सालच्या घडणीची एक रोल्स-रॉईस आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली. आतले आसन सिंहासनासारखे करवून घेतले. १९११ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि ज्याच्यासाठी गाडी घडली तो तिच्यात कधी बसलाच नाही. पुढे उस्मान अली खान यांनी ती समारंभापुरती वापरली. आयुष्यभरात ती काही शे मैलच धावली. आपल्याकडच्या कापसाच्या व्यापाऱ्याची जीप एवढे मैल एका हंगामात सहज पुरे करीत असेल.

याच्या अगदी उलट प्रकार कोल्हापुरात दिसतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार दसऱ्याच्या मिरवणुकीत दसरा चौकात येते, आणि ती पाहायला लोक दुतर्फा उभे राहतात. तिथे गाडी वस्तुसंग्रहालयात न बसता वर्षातून एकदा आपले जुने काम करते.

लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना, १९६४ साली, फियाट घेतली. किंमत बारा हजार रुपये, जवळ सात हजार; उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचा अंत झाला आणि ते कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात आहे. सुभाषबाबू १९४१ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या घरातून ज्या वाँडरर गाडीतून निसटले, ती 'बीएलए ७१६९' क्रमांकाची गाडी नेताजी भवनात जपली आहे. आणि देशातली पहिली मारुती ८००, जिची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना दिली गेली, ती 'डीआयए ६४७९' त्यांनी २०१० साली मृत्यू येईपर्यंत विकली नाही. 'एकाच हाताची गाडी' या शब्दप्रयोगाचे इतके अस्सल उदाहरण दुसरे मिळणार नाही.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांभोवती दंतकथाही पुष्कळ जमतात. अमुक महाराजांचा विलायतेतल्या दुकानात अपमान झाला आणि त्यांनी रोल्स-रॉईस विकत घेऊन कचरा वाहायला लावल्या, ही गोष्ट अलवरपासून अनेक संस्थानांच्या नावावर सांगितली जाते. एकच गोष्ट इतक्या राजांच्या बाबतीत घडलेली असते तेव्हा ती बहुधा कोणाच्याच बाबतीत घडलेली नसते. परंतु अशा कथेला आव्हान द्यायचे तर कागद लागतो, आणि आपण तिथेच उणे पडतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. आदिलाबादच्या गाड्यांचे पूर्वाश्रम इतर ठिकाणांपेक्षा गुंतागुंतीचे आहेत, कारण या जिल्ह्याचेच पूर्वाश्रम अनेक आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभाराची भाषा उर्दू, सन फसली, नाणे हाली शिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो 'कलदार'. त्या काळातला मोटारीच्या खरेदीचा किंवा कराचा कागद हाती आला तर तरुण माणसाला तो वाचता येत नाही, आणि वाचता आला तरी वर्ष लागत नाही. फसली सनात ५९० मिळवावे म्हणजे इसवी सन साधारणपणे येतो, ही कूळकथा आता शिकवावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा तालुके पलीकडे मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात आलो. २ जून २०१४ ला तेलंगण झाले. ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. माणसांनी घर सोडले नाही, राज्य मात्र बदलत गेले.

या सगळ्याची खूण गाडीच्या पाटीवर उमटली आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, तेव्हा नव्या पद्धतीत इंग्रजी वर्णानुक्रमाने आपल्या जिल्ह्याला आंध्रातला पहिला आकडा मिळाला: एपी-०१. २०१४ नंतर तो टीएस-०१ झाला, आणि मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी-०१. पैनगंगा ओलांडली की एमएच-२९, म्हणजे यवतमाळ. वर्धा नदीकडे एमएच-३४, चंद्रपूर. आणि किनवटच्या अंगाने एमएच-२६, नांदेड. आपल्या घरच्या कोणत्याही लग्नाच्या मांडवाबाहेर या सगळ्या पाट्या शेजारी शेजारी उभ्या असतात. १९५६ मध्ये नकाशावर रेघ कशी ओढली गेली आणि नाती तिच्या दोन्ही बाजूंना कशी राहिली, हे त्या मांडवाबाहेर जितके स्पष्ट दिसते तितके माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही पुस्तकात दिसत नाही.

पाटीवरचे एखादे अक्षरही किती मागे नेते पाहा. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये मोटारबस खाते उघडले. सत्तावीस अल्बियन बसगाड्या आणि एकशे सहासष्ट कर्मचारी एवढीच सुरुवात होती. आज आपल्या सरकारी बसच्या क्रमांकात जे 'झेड' अक्षर असते ते निजामाच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावातले, असे लोक सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, रोज त्या बसने शाळेला जाणाऱ्या मुलांना ती कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

खाजगी गाड्यांत त्या काळी अमेरिकन बनावटीच्या गाड्या पुष्कळ. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये निघाला, आणि तिथून शेव्हरोलेसारख्या गाड्या आडगावांपर्यंत पोचल्या. हैदराबादेत पडद्याच्या गाड्या असत. मागच्या खिडक्यांना पडदे लावलेले, आत जनाना. त्या गाडीतून जगाकडे पाहिलेल्या बायकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा जीपगाड्या विक्रीला निघाल्या, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्या जंगलांत, खडकाळ गाडीवाटांवर जीपच चालू शके. युद्धकाळातल्या जीपला समोरच्या खणापाशी एक धातूची पट्टी असे. तीवर अनुक्रमांक आणि ती लष्कराच्या हवाली केल्याची तारीख कोरलेली असे. ज्या मिस्त्रीने अशी पट्टी काढून भंगारात टाकली, त्याने त्या गाडीची जन्मपत्रिकाच फाडली म्हणायची.

पुढची चाळीस वर्षे मात्र दोनच कुळांची आहेत. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर १९५७-५८ च्या सुमारास आली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. गाडी मागणीप्रमाणे मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि त्यामुळे जुन्या गाडीला नव्याहून अधिक मोल येई. एकेक गाडी चार-चार, पाच-पाच घरे फिरली ती यामुळे. ती श्रीमंतीची खूण होती असे आपण म्हणतो, पण मुंबईतून निघालेली फियाट वीस वर्षांनी आपल्यापर्यंत येई, तेव्हा तिच्याबरोबर अनेक घरांच्या भरभराटीचा आणि ओहोटीचा हिशेब येत असे.

माझ्या परिचयाच्या एका घरी अशी १९६६ ची फियाट आहे. त्या कुटुंबाच्या परवानगीने तिचे नोंदणीपुस्तक मी सावकाश वाचले. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. पहिली नोंद मुंबईची, माटुंग्याच्या पत्त्यावर; नावामागे खरोखरच 'डॉ.' आहे, म्हणजे दलालांनी एकदा तरी खरे सांगितले! दुसरी नोंद १९७३ ची, नागपूर. तिच्याखाली बँकेच्या बोजाचा शिक्का, आणि चार वर्षांनी बोजा उतरल्याचा दुसरा शिक्का. तिसरी १९८१ ची, पांढरकवड्याच्या एका जिनिंगमालकाच्या नावे. त्यानेच रंग बदलल्याची नोंद आहे, करड्याचा पांढरा. चौथी नोंद १९८६ ची, आदिलाबादच्या एका वकिलांची. राज्य बदलल्यामुळे गाडीला इथे नवा क्रमांक मिळाला आणि 'एम'ने सुरू होणारा मुंबईचा मूळ क्रमांक तिरप्या रेघेने खोडला गेला. पाचवी नोंद १९९९ ची. वकील निवर्तले होते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने भरायचा तो एकतिसाव्या क्रमांकाचा फॉर्म भरून गाडी त्यांच्या पत्नीच्या नावावर झाली. तेहतीस वर्षांत, पाच नोंदींत, त्या पुस्तकात आलेले हे पहिले स्त्रीचे नाव. त्या बाईंनी गाडी कधी चालवली नाही. तेरा वर्षे त्या तिच्यात बसत आल्या होत्या, आणि त्यांचे नाव तिथे लागण्यासाठी पतीचा मृत्यू व्हावा लागला.

कागद जिथे थांबतो तिथून पुढे पत्रा वाचावा लागतो, आणि ते काम आपल्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रींकडून मी थोडेफार समजून घेतले. दाराच्या कडेला पत्रकागदाने हळूच घासले की रंगांचे थर दिसतात. करड्याखाली आणखी एक फिका हिरवा थर निघाला, ज्याची नोंद पुस्तकात नाही. मागच्या आसनाची डावी बाजू खचलेली, उजवी ताठ. म्हणजे बराच काळ मालक एकटा मागे बसत असे आणि गाडी ड्रायव्हर चालवत असे. क्लचच्या पायपट्टीचे रबर एका कडेने झिजलेले. पाय उचलून न ठेवता टेकवून चालवणाऱ्याची ती सवय. छपराच्या कडेला कॅरिअरच्या पकडींचे व्रण. समोरच्या पत्र्यावर माहूरच्या रेणुकादेवीचे चित्र. ते जिनिंगमालकाने लावलेले, वकिलांनी तसेच ठेवलेले. वकिलांच्या मुलीने मला सांगितले की, तिची आणि तिच्या दोन्ही भावांची मुले अक्षरारंभासाठी बासरला सरस्वतीच्या मंदिरात याच गाडीतून नेली होती. हे ना पुस्तकात आहे, ना पत्र्यात.

आणि ड्रायव्हर? पाच मालकांची नावे, त्यांच्या वडिलांची नावे, पत्ते, सगळे त्या पुस्तकात आहे. ज्याने ती गाडी पावसात, चिखलात, रात्री-अपरात्री चालवली, घाटात तापलेल्या इंजिनात पाणी ओतले, त्याचे नाव कुठेही नाही. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर घरात मराठी वा तेलुगू, गॅरेजात उर्दू आणि आदिवासी पाड्यावर कामापुरती गोंडी बोलत. ऋत्विक घटकांच्या १९५८ च्या 'अजांत्रिक' या बंगाली चित्रपटात एक टॅक्सीचालक आपल्या मोडक्या शेव्हरोलेवर जीव टाकतो; गाडीला 'जगद्दल' असे नाव देतो. तो मूळचा सुबोध घोषांच्या कथेतला. मराठीत बैलावर, घोड्यावर, होडीवर किती लिहिले गेले! मोटारीवर विनोदी अंगाने लिहिले गेले. तिच्या चालकाकडे आपल्या साहित्याने फारसे वळून पाहिले नाही असे माझे मत आहे.

आता ही साधने नाहीशी का होत आहेत ते सांगतो. पूर्वीच्या नोंदणीपुस्तकात एका पानानंतर दुसरे पान असे मालकांची परंपरा राहत असे. पुस्तक जाऊन कार्ड आले. कार्डावर आजचा मालक असतो. संगणकावर पाहू गेल्यास मालकाचा अनुक्रमांक दिसतो, तिसरा, चौथा. आधीच्या तिघांची नावे दिसत नाहीत आणि चालू मालकाच्या नावातलीही अक्षरे झाकलेली असतात. खाजगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु परिणाम असा की गाडीला किती हात झाले ते कळते, हात कोणाचे ते कळत नाही.

दुसरे कारण मोडीचे. ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले; १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणीच संपुष्टात आली. धुराचा विचार करता हे धोरण आवश्यक आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिने रस्ता सोडला, आणि वृत्तपत्रांनी तिला निरोप दिला. आपल्याकडच्या गाड्यांना असा निरोप कोणी देत नाही. मोडीत घालताना मूळ नोंदणीपुस्तक केंद्रात जमा करावे लागते. गाडीबरोबर तिचा कागदही जातो. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये वेगळ्या नोंदणीची सोय झाली आहे. पाटीत 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि जुना क्रमांक असेल तर तो राखता येतो. पण नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. हौशी धनिकांना ते परवडते. त्या फियाटच्या घरातली मुले पुण्याला आणि हैदराबादला असतात. अंगणातली जागा मोकळी करायचा विचार चालू आहे. त्यांना दोष देणारा मी कोण?

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत होते तेव्हा, जमाखर्चाच्या रुमालांत काय इतिहास असणार, असे म्हणणारे लोक होतेच. सेतुमाधवराव पगडींनी आपल्या जिल्ह्यात सरकारी अधिकारी म्हणून काम करताना गोंडांचा अभ्यास केला.  त्यांच्या पंक्तीला मोटारीचे कागद बसवण्याचा माझा आग्रह नाही. परंतु विसाव्या शतकात या जिल्ह्यात पैसा कोणाकडे आला, कुठून आला, कोणत्या दिशेने गेला, हे जाणू इच्छिणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला मुंबई–नागपूर–पांढरकवडा–आदिलाबाद असा प्रवास सांगणारे ते पुस्तक उपयोगी पडेल, याविषयी मला शंका नाही.

म्हणून ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. संदर्भ विभागात एक कपाट या कागदांसाठी ठेवावे. मूळ पुस्तक मालकाकडेच राहू द्यावे. त्याच्या प्रत्येक पानाची छायाप्रत घ्यावी, कोऱ्या वाटणाऱ्या पानांचीसुद्धा, कारण शिक्क्यांची शाई फिकी होत जाते. उर्दूतले जुने परवाने, पेट्रोलच्या पावत्या, गॅरेजची बिले, गाडीसमोर उभे राहून काढलेले कुटुंबाचे छायाचित्र, जे असेल ते चालेल. हयात असलेल्या मालकांची आणि त्यांच्या वारसांची संमती लेखी घ्यावी, आणि पत्ते असलेली पाने ठराविक वर्षे वाचकांना खुली करू नयेत. जुने ड्रायव्हर आणि मिस्त्री यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे; हे काम सर्वांत आधी, कारण त्यांच्यापैकी बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत. उर्दू कागद वाचून देणारे दोन निवृत्त शिक्षक आपल्या सभासदांतच आहेत, त्यांच्याशी मी बोललो आहे, ते तयार आहेत. फियाटच्या पुस्तकाची छायाप्रत मी आज सोबत आणली आहे. कुटुंबाची संमती पाकिटात आहे. ती दाखल करून घ्यावी. पाकिटावर मी गाडीचे दोन्ही क्रमांक लिहिले आहेत, मुंबईचा आणि आदिलाबादचा. आणि खाली, आठवणीने, तीन ड्रायव्हरांची नावे, जी वकिलांच्या मुलीला आठवली. चौथ्याला सगळे नुसते 'भाई' म्हणत.